आवाज दोन

५ जानेवारी
अमृता, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी तू. आजीला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ग्रंथालयात नोकरी लागली होती, हेबी विसरशील. म्हणून ही रोजनिशी. मला अक्षर येत नाय. मी बोलते, तुझा कॉम्प्युटर लिहितो, तू वाचून दाखवतेस. काचेची खोली, गादीची खुर्ची, आयता चहा! आपल्या वैजापूरच्या बाया जळून मरतील.

७ जानेवारी
चाळीस वर्षांमागं टेपवर भरलेल्या जात्यावरच्या ओव्या. हजारो. मी ऐकायच्या, अडलेले शब्द सांगायचे, हेच काम. कॉम्प्युटर गळा ओळखून एकेका बाईच्या ओव्या एका जागी लावतो. माणसांना आवाज एक, आवाज दोन म्हणतो, ही रोजनिशी लिहितानाबी. हुशार लई, पण जात्यात घालायच्या मुठीला वैरण म्हणतात हे ठाऊक नाय. गुरं शोधत बसला होता. मी शिकवलं.

९ जानेवारी
आज आमच्या गावची टेप लागली. मालन गात होती. माझी लेक, तुझी आत्या. तू बघितलं नायस तिला. त्या दिवशी सासरहून न सांगता आली होती. टेपवाल्या बाई बसल्या होत्या, म्हणून तिनं ओवीची पहिली ओळ म्हटली. दुसरी मी उचलायची. रागात होते, तोंड उघडलं नाय. टेपवर नुसती जात्याची घरघर. भाकरी अर्धी टाकायला लावून मीच तिला एसटीत बसवलं. नवव्या दिवशी विहिरीत सापडली.

१० जानेवारी
टेप लावून दुसरी ओळ म्हटली. चाळीस वर्षांनी. टेप बंद करून रडले. बरं वाटलं.
आवाज दोन : मग आता जेवायला वाढ.

१२ जानेवारी
परवाचं वाचताना तू मधेच थांबलीस. खोलीत कोण होतं विचारलंस. कोण असणार? मी एकटी. मशीनचा बिघाड म्हणालीस, पण गळा टेपशी ताडून बघितलास. कुणाचा निघाला ते सांगितलं नायस. तोंड बघून कळलं.

१४ जानेवारी
संक्रांत. लेकी माहेरी येतात. टेपची वायर मीच काढलीय, तरी जात्याची घरघर येतेय — रिकामं फिरतंय, वैरण नाय — मालन, थांब गं —
आवाज दोन : आई, एसटीत नको बसवू.

१५ जानेवारी
समोर बसलीय. ओली. भ्या वाटतंय, पण —
तू काच वाजवतेस, बाहेर ये म्हणतेस. नाय. एकदा उठवलं होतं तिला ताटावरून.
बाजरीच्या भाकरी पाठव. गरम. तिला वरचा पापुद्रा लागतो. लसणाची चटणी. दोघींपुरतं पाठव, अन् विसरू नको, लोण्याचा गोळा —