फिकट गुलाबी

१२ सप्टेंबर २०१७, मंगळवार

आजही टायट्रेशनचा एंड पॉइंट मी पाहिलाच नाही. अर्पितानं पाहिला!

फेनॉल्फथॅलिन टाकलं, ब्युरेटची तोटी सोडली, थेंब थेंब. बाकीच्यांच्या कोनिकल फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग येते म्हणे. माह्या कोनिकलमध्ये पाणी, पाणी, पाणी — अन् मंग एकदम गडद. तोवर रीडिंगचा सत्यानाश. म्हणून माही पार्टनर अर्पिता बाजूले उभी राहते अन् वेळ आली की पायानं हळूच स्टूल ठोकते. ठोकलं की मी तोटी बंद करतो. बदल्यात तिची सगळी कॅल्क्युलेशनं माह्याकडं. फर्स्ट इयरले कळलं का मले हे रंग दिसत नाही, तवापासून हेच चालू हाय. तिच्याशिवाय कोणाले माहीत नाही, घरीबी नाही.

मधुसूदन सर पोरांले सांगतात, "अमरचा हात पाहा रे, किती स्थिर!" हात म्हणे! आधी लाज वाटे. आता तेही नाही. नुसता थकवा येते.

१४ सप्टेंबर

मेसमध्ये पुन्हा दोडका. दुसरं लिहायले काही नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी म्हणून गावी आलो. उमरखेडहून एस.टी.नं महागाव, तिथून काळीपिवळीत कोंबून घेऊन. हातपाय पसरले नाही तर धरमसिंगकाका दोन बाटल्या घेऊन हजर. "बाबू, हे अन् हे संगं मिसळलं तं चालते का?" केमिस्ट्री शिकतो म्हणजे मी फवारणीतला डॉक्टर, असं अख्ख्या गावाले वाटते. म्हटलं, नका मिसळू काका, जीवावर बेतेन. तर म्हणे, "मंग दोनदा फवारा लागते. पाय काय तुहे दुखते?"

गावातला लखीराम फवारता फवारता विष चढून वावरातच पडला. माह्याच वयाचा. यवतमाळच्या दवाखान्यात हाय, अजून नीट दिसत नाही त्याले. तरी फवारणी काही थांबली नाही. थांबवून करता काय? बोंड फोडलं की आत अळी. बाबानं एक बोंड फोडून माह्यापुढं धरलं, "पाय बरं, गुलाबीच हाय ना?" मी हो म्हटलं. मले ते मातकट दिसलं.

जेवताना बाबा म्हणे, "माहे खांदे गेले आता. औंदा नोकरी लागली तं लागली. नाही तं पुढच्या हंगामात फवारणीचा पंप तुह्या पाठीवर. तीन वर्सं झाली शिकून राह्यला."

चूक काय बोलले? काहीच नाही. तरी अर्धी भाकर ताटातच ठेवून उठलो.

९ ऑक्टोबर

सरांचं करिअर मार्गदर्शन. दरवर्षीचंच. औषधाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोल, नाही तर एम.एस्सी., मंग नेट-सेट, नाही तर बी.एड. मागून कोणीतरी ओरडलं, "नाही तर कृषी केंद्राचं काउंटर, सर!" सगळे हसले. सर हसले नाही. त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठं कुठं बसतात ते त्यांनाच माहीत.

पण या वेळी खरंच एक औषधाची कंपनी येऊन राह्यली. औरंगाबादची. लॅबमध्ये क्यू.सी. केमिस्ट पाहिजेत.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं सिलेक्शन! माहं! बाबांले फोन केला तर दोनदा विचारलं, "पक्कं ना? पक्कं ना?"

पक्कं नाही. दिवाळीनंतर यवतमाळले मेडिकल हाय, अन् त्यात डोळे. रंगाच्या ठिपक्यांचं पुस्तक दाखवतात, त्यातला आकडा ओळखाचा.

अर्पिता म्हणे, "कायले घाबरते बे? पुस्तक जगभर एकच असते. फोनवर हाय सगळं. पाठ कर!" अन् तिनं पानामागून पान, सगळे आकडे सांगतले. खरंच की. दहावी पाठ केली, बारावी पाठ केली. डोळे पाठ करायले काय जाते?

१९ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न... पणत्या लावताना तोंड चालूच. आई म्हणे, "कोणतं स्तोत्र म्हणून राह्यला रे?" फॉर्म्युले म्हटलं. तिनं पाहिलं माह्याकडं, अन् पणतीत तेल टाकलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार. यवतमाळ

गेलं.

पहिले पानं झकास गेले. डॉक्टर पान उलटे, मी आकडा फेके. तोंडपाठ! मधेच त्यांनी बोटाले थुंकी लावली अन् दोन पानं एकदम उलटले. मले काय पत्ता? मी आपला ठणकावून — "चौऱ्याहत्तर!"

"पुन्हा सांग."

"चौऱ्याहत्तर, सर."

त्यांनी पुस्तक स्वतःकडं फिरवलं. चिकटलेलं पान नखानं सोडवलं. "चौऱ्याहत्तर तं मागं राह्यलं, बाबू. हे पाय, इथं हाय." अन् हसायले लागले. वाईट नाही, खरंच हसू आवरेना त्यांले. मले तर त्या चौऱ्याहत्तरच्या पानावरबी एकवीसच दिसत होते.

मंग शांत होऊन म्हणे, "बेटा, गोळीचा रंग बदलला अन् तुले दिसलाच नाही तं? कोणीतरी ते खाते ना?" खरंच होतं. आईकडून येते म्हणे हे. "आईकडं कोणाले हाय का?" मले माहीत नव्हतं. आकडे सगळे पाठ केले, हे कोणाले विचारलंच नाही!

स्टँडवर बसून राह्यलो. दोन गाड्या सोडल्या. रडू येईन असं वाटलं, तेही आलं नाही.

२५ ऑक्टोबर

घरी सांगतलं, मेडिकलचा रिझल्ट यायचा हाय. बाबा पेढे आणायचे म्हणून राह्यले.

२७ ऑक्टोबर

अर्पिताचा फोन. रडत होती, माह्याच आयडियानं झालं म्हणून. अवं बाई, माहे डोळे तू थोडीच बनवले! मीच समजावत बसलो तिले.

२९ ऑक्टोबर, रविवार

बाबा वावरात गेल्यावर आईले खरं सांगून टाकलं. मेडिकलले डोळ्यापायी काढून टाकलं, रंग दिसत नाही मले.

ती तांदूळ निवडतच राह्यली. "माहीत हाय. लहान होता तवापासून माहीत हाय. पिकले बोरं सोडून कच्चे तोडून आणे. तुह्या मामाचंबी तसंच. रेल्वेच्या भरतीतून डोळ्यापायीच वापस धाडलं त्याले."

मी ओरडलोच. "मंग काहून बोलली नाही? सायन्सले तूच टाकलं ना मले?"

"बोलली असती तं तू इथंच राह्यला असता. तिथं टिकते का नाही, कोणाले ठाऊक! पण तीन वर्सं पंप तं नाही चढला ना तुह्या पाठीवर."

तिनं सूप पाखडलं, खडे बाजूले काढले, अन् दाराकडं पाहून हळूच विचारलं —

"बी.एड.ले पाहतात का रे डोळे?"