गाजरगवताचे खत

४ जुलै
ज्याच्या कृपेने मातीतून अंकुर फुटतो, आणि ज्याने, कोणत्या हेतूने ते तोच जाणे, गाजरगवतही निर्माण केले, त्या परमेश्वरास वंदन. संकल्प: सौ. लेकीकडून परतण्यापूर्वी अंगण तणमुक्त करीन. त्या फुलांच्या परागांनी तिचा दमा उसळतो, आणि तणनाशकाचा वासही तिला वर्ज्य आहे, असे डॉक्टरांनी बजावले आहे. शेजारचे फवारेबुवा (पाठीवरचा पंप हे गृहस्थ बहुधा जेवतानाच उतरवतात) दहा मिनिटांत काम करून देतो म्हणाले. नम्रपणे नकार दिला.
फोनवर सौ. म्हणाली, "अहो, फूल यायच्या आत मुळासकट उपटा. बाकी काही करू नका."
सूचना योग्य; परंतु फार प्राथमिक.

५ जुलै, सकाळी ६
उपटण्यास बसलो.

६.१०
उठलो. गुडघे. हे देहदंडन झाले, उपाय नव्हे. अधिक शास्त्रशुद्ध मार्गाचे चिंतन आरंभिले.

२२ जुलै
चिंतन चालू. फुले आली.

२४ जुलै
उभ्याने चालवायची लांब कात्री आणली. सर्व तण वरून छाटले. अंगण मोकळे! आईला पुढच्या आठवड्यात आण, असे लेकीस कळवले. मुळे काढली का, असे तिने विचारले. नेटवर्क खराब असल्याचे सांगितले.

२ ऑगस्ट
प्रत्येक बुंध्याला चार-चार फुटवे. सौ.चे येणे लांबले. चहाला सवयीने दोन कप काढतो. एक परत ठेवतो.

४ ऑगस्ट
मुळांवर उकळते पाणी ओतले. कुंपणावरून फवारेबुवा म्हणाले, "काका, चहाची पावडर राहिली." सौ.चा गुलाब करपला. तणाने सोसले.

८ ऑगस्ट
पूजेच्या वेळी प्रकाश पडला: तणाचा द्वेष हाच मूळ दोष. शत्रूलाही सेवेची संधी द्यावी. छाटलेला ढीग फुलांसकट खड्ड्यात रचला; खत होईल. सौ. फोनवर म्हणाली, त्यात बी असणार. तिला समजावले की देह कुजला की वासना उरत नाही. ती खोकू लागली. निरूपण आवरते घेतले.

१९ सप्टेंबर
आई हल्ली उशांना टेकून, बसूनच झोपते, असे लेक म्हणाली. त्वरा केली पाहिजे. खड्डा उघडून पाहिला. त्वरा करता येत नाही.

२० ऑक्टोबर
खत सिद्ध! काळे, भुसभुशीत. सर्व वाफ्यांत मुक्तहस्ते पसरले. एक पिशवी लेकीच्या बाल्कनीसाठी राखली.

३ नोव्हेंबर
अंगणभर नाजूक, जाळीदार पानांची रोपे. सौ.ने पूर्वी पेरलेला कॉसमॉस असावा. नित्यनेमाने पाणी घालतो.

२६ नोव्हेंबर
कॉसमॉस फुलला. पांढरा. फारच बारीक.

३० नोव्हेंबर
लेक सौ.ला घेऊन आली. गाडी फाटकाशी थांबली. सौ.ने काच खाली केली, अंगण पाहिले, काच वर केली. खोकला बंद काचेतूनही ऐकू आला. लेक उतरून म्हणाली, "बाबा, आईला इथे नाही राहता यायचं. तुम्हीच चला." मी म्हटले, एवढा एक हंगाम दे. तिने माझी बॅग भरायला घेतली.
रिकाम्या हाताने जाणे बरे नव्हे, म्हणून खताची पिशवी बरोबर घेतली.

१५ डिसेंबर
बाल्कनीतल्या कुंडीत एक जाळीदार रोप. वाऱ्याने आले असावे, असे मी म्हणालो.
इनहेलर ओढून झाल्यावर सौ. म्हणाली, "वाऱ्याला आपला नवा पत्ता बरा सापडला."
मग ती आत गेली आणि तिने बाल्कनीचे दार लावून घेतले. काचेपलीकडे उशा रचून बसलेली दिसत होती.
मी खाली बसलो. रोप दोन बोटांत धरले, मुळासकट आले. फूल आले नव्हते. लागलेला वेळ लिहून ठेवण्याजोगा नाही. उठण्यासाठी मात्र लेकीला हाक मारावी लागली.
ही वही कोणी वाचणार नाही. तरीही चुकून कोणाच्या हाती पडलीच, तर वाचणाऱ्याचे अंगण निर्मळ राहो, आणि त्याच्या घरच्या माणसांना आडवे होऊन, मोकळ्या श्वासाने झोपता येवो.