बडोद्याच्या चित्रापुढे काढलेल्या चपला

भोर,
सोमवार, ५ मार्च १९५६

प्रिय बाळाबाई,

मंगळवार, १७ जानेवारी, दुपारी सव्वातीन वाजता बडोद्याच्या चित्रसंग्रहालयात तू मला हसलीस. शिवाय धर्मशाळेत परतल्यावर यात्रेतल्या झाडून साऱ्या बायकांना सांगितलंस की, देवळात हात न जोडणाऱ्या आमच्या सौदामिनीबाईंनी चित्रापुढे चपला काढल्या! तेव्हापासून मी तुझ्याशी बोललेले नाही, म्हणूनच समोरच्या आळीत राहणाऱ्या बाईला टपालाने पत्र घालायची ही वेळ आली.

चपला काढल्या हे खरं. कधी काढल्या, देव जाणे. डाकोरच्या यात्रेहून परतताना बाकीच्या बायका धर्मशाळेत वाती वळत बसल्या आणि आपण दोघी सटकलो, तेही माझ्याच हट्टाने. पहिल्या दालनातली तेलचित्रं मी तुला केवढ्या तोऱ्यात समजावून दिली! कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर म्हणायच्या, ज्यातल्या द्राक्षांवर चिमणी चोच मारील ते चांगलं चित्र. मुंबईच्या संग्रहालयात गेले, औंधच्या गेले, सगळीकडे मी तेच बघत आले. मखमल खरी वाटते का, मोत्यावर उजेड नीट पडलाय का. शाळेत मुलींनाही जन्मभर तेच शिकवलं. मग ते कोपऱ्यातलं चित्र आलं. त्यात काही नव्हतंच गं. एक तपकिरी डोंगरउतार, वर जरासं आभाळ, आणि मेंढरं म्हणून ओढलेले पांढरे फटकारे. धड पायसुद्धा नाहीत. नावं ठेवायला मी तोंड उघडलं आणि मला शब्द सुचेना. मला, बाळाबाई! तो उतार चौकटीत मावत नव्हता, माझ्या पाठीमागेही पसरला होता. मला स्वतःला काय आवडतं, ते केस पांढरे झाल्यावर पहिल्यांदा कळलं. आणि नेमकी तेव्हा तू फिस्सकन हसलीस.

गेल्या आठवड्यात गडाखालच्या पालीला गेले होते. आपल्या शाळेत पाणी भरायची ती पारूबाई, तिच्या नातवाचं बारसं होतं. अंगणातून राजगडाचा उतार दिसत होता, गवत वाळून तपकिरी झालेलं, त्यावर मेंढरं सरकत होती. हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या. पारूबाई म्हणाली, “बाई, काय बगताय येवढं? ती आमची मेंढरं न्हाईत!” त्या वाटेने मी आजवर कितीदा गेले असेन, डोंगर म्हणजे पायांना त्रास, एवढंच माझं मत. त्या दिवशी ते अवाढव्य, उघडंबोडकं रूप बघून अंगावर काटा आला. दाखवावं म्हणून शेजारी वळले, तर तू नव्हतीस.

काल तुझा पुतण्या बंडू सांगत होता, पाडवा झाला की तू मुलाकडे नागपूरला जाणार, कायमची. ट्रंका भरायला घेतल्यास म्हणे. हे मला बंडूकडून कळावं? मी बोलत नव्हते, तुला तर तोंड होतं! आता ऐक. पाडव्याच्या आत मला ते चित्र पुन्हा बघायचंय, आणि तुझ्यासोबत बघायचंय. तुला ते आवडलं नाही तरी चालेल. हसलीस तरी चालेल. शेजारी उभी राहा, बस्स. येतेस की नाही, ते शनिवार, १० मार्च, संध्याकाळी सहाच्या आत लेखी कळव. तोंडी निरोप चालणार नाही. तू स्वतः दारात येऊन उभी राहिलीस, तर मला रागावता येणार नाही.

तुझीच, अजून रागावलेली,
सौदामिनी