काकीच्या घरातली आमची घरघंटी

आई, आज उमरोळीजवळच्या पाड्यावर एका घरी गेले आणि दारातच थबकले. सगळं अंगण वाळलेलं, फक्त शेजारच्या दारापासून या दारापर्यंत हातभर रुंद पट्टा शेणाने नुकताच सारवलेला. घरघंटीच्या चाकांच्या खुणा अशाच पुसतात, हे मी तुझ्याकडेच तर पाहिलं होतं. तेव्हा आपल्याकडे कर्जाच्या तपासणीला साहेब यायचे, आता मी त्यांचंच काम करते. बायकांना धंद्यासाठी दिलेलं छोटं कर्ज धंद्यालाच लागलं का, ते घरी जाऊन बघायचं आणि चालू मशीनचा फोटो काढायचा.

आपल्या पाम गावात तू अशाच कर्जातून पिठाची घरघंटी घेतलीस. बोईसरच्या कारखान्यांत आलेल्या घाटावरच्या माणसांना ज्वारीचं पीठ लागतं, हे तू बरोबर हेरलंस, आणि त्या पिठावर मी कॉलेजपर्यंत शिकले. शेजारच्या काकीचं कर्ज मात्र काकांच्या आजारपणात गेलं. साहेब येणार म्हणून सकाळीच तू आपली घरघंटी ढकलत तिच्या घरी नेलीस आणि मागोमाग अंगण सारवलंस. "एक डाव निभावलं की तिला पुन्ना कर्ज मिळेल, मंग खरीच घेल ती," म्हणालीस. साहेब आलेत. काकी बटण शोधतेय. आणि नऊ वर्षांची मी दारातून म्हणते, "काकी, बटण मागं हाय." साहेब वळतात. "तुला गं कसं माहीत?" "आमचीच हाय ना!" काकीला पुढचं कर्ज मिळालं नाही. दिवाळीनंतर ती दोघं वीटभट्टीवर गेली. तू मला मारलं नाहीस. उलट पुढे कुणी विषय काढला की त्याच्यावर तुटून पडायचीस, "पोर हाय ती, तिला काय कलतं?"

आजची बाईही तशीच चाचपडत होती. शेजारीण दारात ओठ आवळून उभी. तिला बटण ठाऊक होतं, पण बोलणार कशी? वरून तपासणी झाली तर माझी नोकरी जाईल, हे डोक्यात घणघणत होतं. मला राग आला, त्या बाईचा, माझा, तुझासुद्धा. "वाऱ्यात घरावरचं पत्रं उडालं, त्यात पैसं गेलं, मॅडम," ती पुटपुटली. "पुढल्या टायमाला खरीच घेन." "बटण मागच्या बाजूला असतं," मी म्हटलं. घरघंटी सुरू झाली. मी फोटो काढला, 'मशीन चालू' असं लिहिलं आणि ओल्या पट्ट्याला वळसा घालून निघाले.

तू म्हणशील, फिटलं एकदाचं. नाही फिटलं, आई. हे पत्र पोस्टात टाकायचं नाही म्हणूनच सांगते: त्या दिवशी मला सगळं कळत होतं. सारवायला पाणी मीच आणून दिलं होतं. पण अख्ख्या आळीत घरघंटी फक्त आपल्याकडे होती, आणि ती काकीची म्हणून साहेबांनी लिहून न्यावी, हे मला सहन झालं नाही.