भुलाबाईची बैलगाडी

बाई, तुम्ही शिरपूरच्या धर्मशाळेत आलात तेव्हा जेवढ्या वयाच्या होतात, तेवढी मी आता झाले आहे. लोक मला तिरकस लिहिणारी म्हणून ओळखतात आणि जरा घाबरूनच चहा विचारतात. मागच्या आठवड्यात पूर आलेल्या गावांकडे निघालेल्या तरुण मंडळींपुढे मला बोलायला बोलावलं होतं. विषय होता, मुलांना हसतं कसं ठेवावं. मी सवयीप्रमाणे चौघांची टोपी उडवली, टाळ्या घेतल्या आणि तुमच्याबद्दल अवाक्षर न काढता घरी आले. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेवढंच माझं वय. श्रावणात भरदुपारी नदी गावात शिरली आणि जाताना माझ्या पाठच्या बहिणीला घेऊन गेली. आईबाप पडलेल्या भिंती उभारायला मागे राहिले, आम्हा पोरांना धर्मशाळेत ठेवलं. मी बोलणं सोडलं होतं. ठरवून नव्हे, तोंड उघडलं की पाणी आत येईल असं वाटायचं. शहरातून आलेल्या स्वयंसेवकांचे प्रमुख गळ्यात शिट्टी घालून फिरत. एक शिट्टी वाजली की रांग, दोन वाजल्या की गाणं, तीन वाजल्या की आनंद. माणूस भला होता, स्वतःच्या ताटातली भाकरी पोरांना द्यायचा, हे आज कबूल करते. तेव्हा ती शिट्टी विहिरीत टाकायचा माझा बेत होता.

आणि मग मंगरूळपीरच्या शाळेतून तुम्ही आलात, डोक्यावर मातीची टोपली घेऊन. भादव्याची पुनव होती. "पोरीहो, भुलाबाई माहेरी आली अन् तुमी लोळून राह्यल्या?" म्हणत तुम्ही ओसरीवर बसलात. पार्वतीची भुलाबाई घडवलीत, शंकराचा भुलोजी घडवलात, त्याचं नाक वाकडं झालं तर म्हणालात, "असू दे, नवराच हाय." रोज संध्याकाळी गाणी, टिपऱ्या, आणि शेवटी खाऊ ओळखायचा. तुम्ही झाकलेला डबा हलवायच्या, पोरी ओरडायच्या, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे. मी खांबाला टेकून बसलेली. चौथ्या का पाचव्या दिवशी सगळ्या हरल्या, आणि मला फुटाण्यांचा वास आला. "फुटाणे," मी म्हटलं. प्रमुख टाळ्या वाजवायला उठले, तुम्ही त्यांना डोळ्यांनीच खाली बसवलंत. माझ्या ओंजळीत पहिली मूठ टाकलीत आणि पुढच्या पोरीकडे वळलात, जणू मी रोजच बोलत होते.

उरलेला महिना मी गायले. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचं मखर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी वाजली, रांग लागली, आणि ती रांग नदीकडे निघाली. महिनाभरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, बाई, तुमच्यासुद्धा, की भुलाबाईला शेवटी पाण्यात सोडतात, आणि माझी बहीण पाण्यानंच नेली होती. मी भुलाबाईचा पाट ओढून घेतला आणि तिला पोटाशी धरून भिंतीला चिकटले.

"मी नाई देत! थे बुडन!"

"अगं, मातीची आहे ती," म्हणत प्रमुखांनी हात पुढे केला. मी चावले.

मी पुन्हा मुकी होणार, हे तुम्हाला माझ्याआधी दिसलं असावं. अजूनही तुम्ही माझ्यासमोर उकिडव्या बसलेल्या दिसता. "चुकलंच माह्यं," तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. मोठ्या माणसाच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. भाकरी भाजणारी म्हातारी कुरकुरली, "बाई, तिले सासरी धाडाच लागते, नाई तं दोष लागन."

"थे जाईन ना सासरी. पण पाण्यातूनच कायले? बैलगाडीनं जाईन."

"कैलासाले बैलगाडी जाते काय?"

"मंगरूळपीरवरून जाते," तुम्ही ठणकावून सांगितलंत. तुम्हाला त्याच दिवशी परतायचं होतं.

बैलगाडीत गवत पसरलं, तुम्ही बसलात, आणि मी माझ्या हातांनी भुलाबाईला तुमच्या मांडीवर ठेवलं. वाकड्या नाकाचा नवरा शेजारी. आम्ही गावाच्या शिवेपर्यंत गात गेलो. शिट्टीवाले प्रमुख हाताला फडकं बांधून सगळ्यांत मोठ्यानं गात होते.

आठ दिवसांनी माझ्या नावे कार्ड आलं: 'सुखरूप पोचली. सासरचे लोक बरे आहेत. तू बोलत जा. तुझी भुलाबाई.' अक्षर तुमचं होतं, ते मी धर्मशाळेच्या फळ्यावर, तुम्ही लिहिलेल्या गाण्यांत, महिनाभर पाहिलं होतं. तरी सगळ्या पोरींना वाचून दाखवलं, प्रमुखांनाही.

तुम्हाला न सांगितलेली गोष्ट अशी, बाई, की मी उत्तर लिहिलं होतं. एकच ओळ: माझी बहीण तिकडं आली काय? कार्ड घेऊन टपालपेटीपर्यंत गेले आणि परत आले. तुम्ही 'हो' लिहिलं असतं, आणि मी ते खरं मानलं असतं. जगातल्या कुठल्याच गोष्टीवर पटकन विश्वास न ठेवणारी मी, तुमच्या अक्षरात आलं तर आजही मानीन. म्हणून हेही पत्र टपालात टाकणार नाही.