टिफनीचं वजन

२ फेब्रुवारी १९९९
नातीला, टिफनीला, डॉक्टरकडे नेलं. किडनीचा आजार, दोन वर्षं झाली. वय आठ, उंची सहाची. डॉक्टर भिंतीला टेकवून मोजतो, तक्त्यावर टिंब काढतो. म्हणे गोळ्यांनी वाढ मंदावते, आणि मीठ अगदी कमी. अळणी खाऊन कोण वाढलंय? सून सेलिन तिला पांचट पेज देते. पोरीला उपाशी ठेवते, अशी मला शंका आहे. मी बी.ए. आहे. यापुढे मीच लक्ष घालणार.

५ फेब्रुवारी
अर्नाळ्याचे खारवलेले सुके बोंबील आणले. दुपारी सेलिन ऑफिसात. भाजून दिले. टिफनी म्हणाली, आजी, मम्मी ओरडेल. म्हटलं, मम्मीला कळवायचं कारण नाही.

११ फेब्रुवारी
गाल वर आले! डॉक्टरच्या काट्यावर माझा विश्वास नाही. वाढ दिसली तर त्याच्याकडे कोण जाणार? स्टेशनवरच्या मशीनवर उभी केली. दीड किलो जास्त. तिकिटावर छापलेलं: तुमच्या मेहनतीचं चीज होईल. मशीनला कळतं.

१५ फेब्रुवारी
सँडल घट्ट. पाऊल वाढतंय, उंची मागून येईलच. सेलिन म्हणते, आई, डोळ्यांखाली सूज वाटते. म्हटलं, पोर बाळसं धरतेय ते तुला बघवत नाही का? व्हिन्सेंट पेपर वाचत बसला. माझाच मुलगा, पण आता तिच्या पार्टीत.

१८ फेब्रुवारी, सकाळ
फ्रॉकचा हूक लागेना. आज डॉक्टरचं तोंड बंद करणार.

संध्याकाळ
डॉक्टरने तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, भरेचना. म्हणाला, हे वजन नाही, पाणी आहे. उंची तसूभर वाढलेली नाही. लगेच ॲडमिट. एवढी घाई कशाला? संशयास्पद.

२२ फेब्रुवारी
रोज वजन उतरतं आणि नर्स म्हणते, छान. अजब दवाखाना. सूज गेल्यावर पोरगी पलंगात दिसेनाशी झाली आहे. आज डॉक्टरने विचारलं, हिला खारट कोणी दिलं? मी सेलिनकडे पाहिलं. सेलिनने माझ्याकडे. तेवढ्यात टिफनी म्हणाली, मीच डबा काढून खाल्लं.

बोंबलांचा डबा मी सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवते, हे सेलिनला ठाऊक आहे. टिफनीचा हात मधल्या फळीलाही पुरत नाही.