डोक्यावर उभं केलेलं कपाट

प्रिय बाबा,

फोनवर मी बोलायला लागलो की तुम्ही ‘बरं बरं’ करत फोन धाकटीच्या हातात देता. पत्र असं मध्येच टोलवता येत नाही, म्हणून लिहितोय. सातवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घ्या. नाही घेतलंत तरी शेवटपर्यंत वाचा.

पोरगा लांब जाऊन ओझी वाहतो, असं तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता म्हणे. वाहतोच. ऑनलाइन विकलेली कपाटं लोकांच्या घरी चढवतो. इथलं गिऱ्हाईक दुकानात पाय ठेवत नाही. आपल्या खोलीत भिंतीसमोर फोन धरायचा, की फोनच्या काचेत त्या भिंतीला टेकून कपाट उभं. अगदी खरं वाटतं. भोवती फिरा, रंग बदला, दार उघडून आत डोकावा. तुम्ही असतात तर आधी बिजागरी चाचपायला गेला असतात. गिऱ्हाईक खूश होतं, बटण दाबतं, आणि चार दिवसांनी खरं कपाट घेऊन आम्ही दोघं हमाल खाली हजर.

मग जिन्यात अडकतो. फोनला खोली दिसते, जिना दिसत नाही. फोनमधलं कपाट थोडंच पायऱ्या चढून येतं? ते आपलं प्रकट होतं. घामाघूम होऊन आम्ही कपाट परत नेतो आणि कागदावर शेरा पडतो, हमालांचा निष्काळजीपणा. बारा शेरे झाले की घरी बसायचं. माझे अकरा झाले त्या दिवशी मी तडक कंपनीच्या ऑफिसात वर गेलो, फोनमध्ये कपाट दाखवणारं ते ॲप बनवणाऱ्या बाईंकडे. म्हटलं, तुमचा फोन भिंतीला विचारतो, जिन्याला कधी विचारणार? शेजारचा एक चष्मेवाला हसला, “घ्या, आता हमाल आपल्याला शिकवणार!” म्हटलं, शिकवतो की, उठा. खालचं एक रिकामं कपाट घेतलं, एक टोक बाईंच्या हातात, एक चष्मेवाल्याच्या, आणि त्यांच्याच ऑफिसच्या जिन्यात चढवायला लावलं. दुसऱ्या वळणावर कपाट रुतलं. चष्मेवाला वर अडकला, त्याला खालीही येता येईना. बाईंची एक चप्पल तीन पायऱ्या खाली. धापा टाकत म्हणाल्या, “आता काय?” मी म्हटलं, कपाट उलटं, डोक्यावर उभं करा आणि फिरवा.

बाबा, हे वाक्य तुम्ही आधी ऐकलंय. तीन वर्षांपूर्वी, तुम्ही त्या वकिलांसाठी केलेलं सागवानी कपाट त्यांच्या जिन्यात अडकलं होतं. मी खालच्या टोकाला होतो, खांदा सोलवटला होता. मी हेच म्हटलं. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली काढलीत. “माझं काम डोक्यावर उभं राहत नसतं, अक्कल शिकवू नकोस.” एकोणीस वर्षांचा होतो मी. मग मला दोर आणायला पिटाळलंत. दोर घेऊन आलो तर कपाट वर पोचलेलं, आणि तुम्ही त्याच्या माथ्याच्या नक्षीवरचा चुना बाहीने पुसत होतात. जिन्यातल्या भिंतीचा अगदी फरशीजवळचा चुना कपाटाच्या माथ्याला कसा लागतो, हे मला तेव्हाही कळत होतं. मी दोर ठेवला आणि काही बोललो नाही. महिन्याभराने घर सोडलं.

इकडे मात्र मी बोललो, आणि कपाट वळलं. आता ते ॲप आधी जिना दाखवा म्हणतं, दार दाखवा म्हणतं, आणि फोनमधलं कपाट पायरी पायरी चढून दाखवतं. चढलं तरच विकतं. माझे अकरा शेरे खोडले. नवीन हमालांना एक चष्मा घालायला देतात. तो घातला की त्यांच्या पुढे जिन्यात एक माणूस दिसतो, कपाट कसं धरायचं, गुडघा कुठे टेकायचा, कसं वळवायचं ते दाखवतो. तो मी आहे. आवाज मात्र कोणा शिकलेल्याचा घालणार होते, “कृपया वस्तू तिरपी करावी” म्हणणारा. मी अडून बसलो. म्हटलं, तिरपी करावी म्हणेपर्यंत पोराचा अंगठा जाईल. माझं शरीर असेल तर तोंडही माझंच. शेवटी ऐकलं त्यांनी. आता मी तिथे शिकवतो. अर्जावर शिक्षणाच्या रकान्यात ‘सातवी नापास’ ठसठशीत लिहिलं, एक शब्दही झाकला नाही.

तर तुम्ही काकांकरवी शाळेत माझ्यासाठी शिपायाची जागा ठरवलीत, सोमवारी सही करायला ये म्हणालात, त्याचं हे उत्तर. मी येणार नाही. ती जागा कोणा गरजू माणसाला द्या. शिपाई होण्यात कमीपणा नाही, पण मला तुम्ही तिथे बसवताय ते माझ्यासाठी नाही, चारचौघांत सांगायला बरं म्हणून. धाकटीच्या फोनवर मी एक गोष्ट पाठवली आहे. तिला म्हणावं, माळ्याच्या जिन्यापाशी उभी राहून फोन धर. काचेत मी दिसेन, आपल्याच जिन्यात, खांद्यावर कपाट घेऊन. वळणावर मी थांबतो आणि म्हणतो, “आता डोक्यावर उभं.” तिथे तुम्ही ‘बरोबर आहे’ म्हणालात तर मला ऐकू येणार नाही. तरी म्हणा. नाही म्हणालात तरी चालेल. कपाट वळणारच आहे.

न येणारा, पण तुमचाच
थोरला